सोलो येईपर्यंत

7 एप्रिल 2003 ला रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. लोक जॅगर आणि रिचर्ड्सना बघायला आले होते. मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो, त्यामुळे माझी नजर मागच्या ब्रासवाल्यांवर, त्यातही बॉबी कीजवर होती. टेक्ससचा हा गडी कीथ रिचर्ड्सच्याच दिवशी जन्मला, 18 डिसेंबर 1943 ला. 'ब्राउन शुगर'मधला सॅक्सोफोन त्याचा. 1973 च्या युरोप दौऱ्यातून तो मधेच बाहेर पडला आणि 1989 पासून कायमचा परतला. तरीही बँडचा सभासद तो कधीच नव्हता. दौऱ्यापुरतं बोलावणं, दौऱ्यापुरते पैसे. बहुतेक सॅक्सोफोनवाल्यांचं असंच असतं.

या कामात सगळ्यांत कठीण काही असेल तर ते थांबणं. दोन तासांच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन मोजक्या गाण्यांत लागतो. बाकी वेळ हातात शेकर किंवा टँबोरीन, नाहीतर कोरसला आवाज. गळ्यात अडकवलेलं वाद्य तोवर गार होत जातं आणि गार नळीत सूर उतरतो. एसी हॉलमध्ये तीन गाणी नुसतं उभं राहून चौथ्याला फुंकलं, तर पहिलाच स्वर गिटारच्या खाली लागतो आणि माइकमुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून सोलोच्या आधीच्या कडव्यातच, आवाज न काढता, नळीत गरम श्वास सोडत राहायचं, रीड जिभेनं ओली ठेवायची. एप्रिलच्या मुंबईत उलटं. सूर चढतो, मग माउथपीस कॉर्कवरून थोडं बाहेर ओढायचं. दमट हवेत चामड्याचे पॅड चिकटायला लागतात. त्यांच्याखाली सिगारेटचा पातळ कागद दाबून ओल टिपायची. हे सगळं अंधारात, शेजारी ड्रम वाजत असताना.

त्यात गिटारवाल्यांच्या लाडक्या पट्ट्या पांढरी तीन आणि पांढरी सहा. टेनरवर बोटं एक स्वर वरची धरावी लागतात, म्हणजे काळी तीन आणि पांढरी सात. पहिलीत सहा तीव्र स्वर, दुसरीत पाच. गिटारवर मोकळ्या तारा जिथे छान घुमतात, तिथे आमची बोटं अडखळतात.

आणि इतकं करून वाजवायचं काय? जॅझमध्ये सोलो रोज नवा घडतो. रॉकमध्ये तो गाण्याइतकाच ठरलेला असतो, लोकांना तो पाठ असतो. क्लॅरेन्स क्लेमन्सनं ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'जंगललँड'चा सोलो 16 तास खपून रेकॉर्ड केला, 1975 मध्ये. एकेक वाक्य स्प्रिंगस्टीननं बांधून घेतलं. 2011 मध्ये क्लेमन्स गेला. पुढच्या उन्हाळ्यात स्वीडनच्या गोथेनबर्गला तोच सोलो पुतण्या जेकनं वाजवला. तिथे त्यानं स्वतःची कारागिरी दाखवली असती, तर ती कुणालाच आवडली नसती. मला हे काम जॅझपेक्षा हलकं वाटत नाही. स्वर ठरलेले असले तरी श्वास त्याच रात्रीचा असतो, आणि तो उसना असला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

सॅक्सोफोनवाल्या डिक पॅरीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांचं. आपल्याकडचा रूपक कानात असलेल्याला त्यात नवल नाही, पण रॉकमध्ये ते दुर्मीळ. त्यातला गिटारचा सोलो सरळ चार मात्रांवर येतो. सॅक्सोफोनला ती सवलत नाही, तो सातातच वाजवायचा. पॅरीनं तो 1973 च्या अल्बमसाठी रेकॉर्ड केला आणि 1994 च्या दौऱ्यातही वाजवला. 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कात बँडचे चौघं बऱ्याच वर्षांनी एकत्र आले, जगभर प्रक्षेपण झालं. मोजकीच गाणी होती आणि सॅक्सोफोनचं काम एकट्या 'मनी'त होतं. तेवढ्यासाठी पॅरी तिथे हजर होता.