सूज आधी, शस्त्रक्रिया नंतर

घरच्यांनी अवयवदानाला होकार दिलेला असतो, डॉक्टरांचा चमू येतो, मूत्रपिंडं काढली जातात, यकृत काढलं जातं. स्वादुपिंड मात्र डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून तिथंच सोडून दिलं जातं. जगभर हे वारंवार घडतं. ग्रंथी सुजलेली असते आणि ती सूज उतरेपर्यंत थांबायला कुणाकडे वेळ नसतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, जेमतेम वीतभर लांबीचं. इन्सुलिन तयार करणारे पेशींचे पुंजके त्यात वजनाने फक्त 1 ते 2 टक्के. बाकी सगळा कारखाना पाचकरसाचा. मधुमेहाच्या रोग्याला हवे असतात ते पुंजके, पण त्यासाठी कारखाना सगळाच उचलून आणावा लागतो. त्यातला रस ग्रंथीत असेपर्यंत निद्रिस्त असतो. धक्का बसला, रक्त कमी पडलं की तो जागच्या जागी जागा होतो आणि स्वतःच्याच ग्रंथीचं मांस पचवू लागतो. स्वादुपिंडाला उगीच हात लावू नये, हे शल्यविशारद शिकत असल्यापासून ऐकत आलेले असतात, ते यामुळेच.

17 डिसेंबर 1966 रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी पहिलं स्वादुपिंड रोपण केलं, सोबत मूत्रपिंडाचंही. रुग्ण 28 वर्षांची तरुणी होती. काही दिवस तिची साखर इन्सुलिनशिवाय आटोक्यात राहिली. पण पाचकरसाची नळी बांधून टाकलेली होती आणि ग्रंथी सुजली. पुढे ती तरुणी वाचली नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षं शल्यविशारद एकाच प्रश्नाशी झगडले: हा रस सोडायचा कुठं? काहींनी तो मूत्राशयात सोडला. त्याने लघवीची आग व्हायची, शरीरातले क्षार वाहून जायचे. आता दात्याच्या लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा ग्रंथीसोबतच काढतात आणि तो बहुतेक ठिकाणी रोग्याच्या आतड्याला जोडतात.

पण सूज सुरू होते ती याच्याही आधी, दात्याच्या अंगात. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरजवळ रात्री दुचाकी ट्रकखाली येते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार करून पुढे पनवेल-मुंबईकडे हलवतात. मेंदू मरत असताना शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. रक्तदाब आधी चढतो, मग कोसळतो. रक्तात दाह वाढवणारी रसायनं पसरतात आणि प्रत्येक अवयवाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करायचा. हे बंधन योग्यच आहे. मात्र तेवढा वेळ अतिदक्षता विभागातल्या माणसांनी तारेवर चालायचं असतं. सलाइन जास्त झालं तर स्वादुपिंड फुगतं, रक्तदाब वाढवणारं औषध जास्त झालं तर त्याचं रक्त तुटतं. दाह उतरावा म्हणून दात्याला स्टेरॉइडही देतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. अपघातानंतरच्या पहिल्या तासात प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळायचा तो जखमी माणूस वाचावा म्हणून. तो वाचलाच नाही, तर त्याच सांभाळण्यामुळे त्याचे अवयव धड राहतात. पहिलं सोडून दुसऱ्याचा विचार करणारा डॉक्टर कुणालाच नको आहे.

काढलेली ग्रंथी थंड द्रावणात ठेवतात. 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी हे द्रावण तयार केलं आणि स्वादुपिंडाला बर्फावर थोडी सवड मिळाली. तरी मूत्रपिंड जिथे दिवसभर तग धरतं, तिथे स्वादुपिंड शक्यतो बारा तासांच्या आत जोडलेलं बरं. गारठ्यात पेशी मंदावतात, मरत नाहीत, पण प्राणवायूविना त्यांच्यात अर्धवट जळलेली द्रव्यं साचत राहतात. खरा घात होतो रक्त पुन्हा सोडल्यावर. पुराचं पाणी ओसरल्यावर ओल्या वायरिंगमध्ये एकदम वीज सोडली की काय होतं, हे 2021च्या जुलैमधल्या पुरानंतर पोलादपूरशेजारच्या महाडच्या बाजारपेठेला सांगायला नको. परतलेला प्राणवायू त्या साचलेल्या द्रव्यांवर तुटून पडतो, विषारी कण उसळतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आधीच चिकट झालेल्या अस्तराला चिकटतात. त्यात या ग्रंथीतून रक्त मुळातच संथ वाहतं. मग गुठळी होते. रोपण केलेलं स्वादुपिंड पहिल्या काही दिवसांत गेलं, तर त्याचं सगळ्यात मोठं कारण ही गुठळी असते. रोग्याच्या शरीराने ते नाकारणं ही त्यानंतरची गोष्ट.

ग्रंथी टाळून नुसते पुंजकेच यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत सोडले तर? कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी सात रुग्णांवर ते करून 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरी टळली, दाह टळला नाही. पुंजके रक्ताला भिडताच रक्त त्यांच्यावर उलटतं आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही तासांत-दिवसांत नष्ट होतात. म्हणून एका रोग्याला बहुधा एकाहून अधिक दाते लागतात.

स्वादुपिंडाचं रोपण ‘साखर आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. बहुतेक वेळा ते होतं लहानपणापासून किंवा तरुणपणापासून इन्सुलिनवर असलेल्या आणि मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसला लागलेल्या रोग्यावर, दोन्ही अवयव एकाच दात्याकडून घेऊन. असा रोगी पोलादपूरचा असला तर रात्री अपरात्री फोन आल्यावर त्याने पावणेदोनशेहून अधिक किलोमीटर काटून मुंबई गाठायची. महाड शहरात रेल्वे नाही, ती वीरला. पुण्याकडे चढणारा वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवतात. आणि बर्फातले बारा तास तेव्हा सुरू झालेले असतात.

शस्त्रक्रिया जमली की इन्सुलिन बहुधा लगेचच सुटतं. हेच फसवं आहे. पुन्हा दाह सुरू झाला तर रक्तातली साखर सगळ्यात शेवटी बोलते. ती चढली म्हणजे पुंजक्यांचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आधी वाढतात रक्तातली लायपेज आणि अमायलेज ही पाचकद्रव्यं. त्यामुळे बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ठीक आहे, म्हणून गावी निघून जाणं चालत नाही. रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते, आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही. या औषधाचं प्रमाण घटलं तर शरीर अवयव नाकारतं, वाढलं तर ते इन्सुलिनच्या पेशी आणि मूत्रपिंड दोन्हींना बाधतं. म्हणून पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळपास राहायला सांगतात. पोलादपूरच्या माणसाला त्यासाठी मुंबईत खोली शोधत हिंडावं लागत नाही, भाऊ नाहीतर चुलता लालबाग-परळला नाहीतर नालासोपाऱ्याला असतोच. अडचण येते ती शिमग्याला किंवा गणपतीला सगळं बिऱ्हाड गावी निघतं तेव्हा. त्याआधी तपासणीची तारीख पाहून घ्यावी आणि गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्याव्यात.