शाळेतला संशोधन प्रकल्प: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यार्थ्याने स्वतःला पडलेल्या एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर स्वतः गोळा केलेल्या पुराव्यावरून शोधणे, म्हणजे संशोधन प्रकल्प. महाराष्ट्रात हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजच्या मुलांना तो वेगवेगळ्या निमित्तांनी करावा लागतो. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या श्रेणी विषयात प्रकल्प असतो. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून आपल्या परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास मागते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधनाचा टप्पा असतो. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाट्याच्या दरम्यान वसलेल्या, जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारसारख्या गावात ऊस, कांदा, विहिरी, पाटाचे पाणी आणि बिबट्या असे विषय घराच्या उंबऱ्यापाशीच आहेत. तरीही प्रकल्प अनेकदा वहीत चिकटवलेल्या चित्रांपुरता उरतो. त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

गैरसमज १: प्रकल्प म्हणजे मॉडेल, नाहीतर माहितीचा संग्रह.

वस्तुस्थिती: जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि परिसरातल्या शाळा त्यात भाग घेतात. अशा प्रदर्शनातले चालते मॉडेल एखादे तत्त्व उत्तम समजावून देते. मात्र ठिबक सिंचनाचे मॉडेल बनवणे वेगळे आणि ठिबकच्या एका नळीवर सुरुवातीच्या व शेवटच्या छिद्रातून तासाला किती पाणी पडते हे मोजून त्यातली तफावत शोधणे वेगळे. पहिल्यात माहीत असलेली गोष्ट दाखवली जाते, दुसऱ्यात माहीत नसलेली शोधली जाते. पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून जमवलेली माहिती प्रकल्पाला लागतेच, पण ती सुरुवातीला. आधी कोणी काय शोधले आहे, हे तिच्यातून कळते.

गैरसमज २: विषय जितका मोठा, तितका प्रकल्प वजनदार.

वस्तुस्थिती: ‘बिबट्या समस्या: कारणे व उपाय’ हा विषय वनखात्यालाही एका वर्षात उरकणार नाही. मार्गदर्शकाचे पहिले काम विषय छाटून त्याचा प्रश्न करणे हे आहे. ‘आपल्या वस्तीवर किती गोठे चारही बाजूंनी आणि वरून बंदिस्त आहेत? गेल्या वर्षभरात ज्या गोठ्यांतून शेळी, वासरू गेले आणि ज्यांतून गेले नाही, त्यांच्या बांधणीत काय फरक आहे?’ हा प्रश्न दोन विद्यार्थी काही रविवारांत सोडवू शकतात. गोठ्याची उंची, जाळीची भोके, दाराची कडी, उसापासूनचे अंतर, रात्रीचा दिवा, कुत्रा आहे की नाही, असे रकाने आखले की तक्ता तयार होतो.

चांगल्या प्रश्नाच्या तीन कसोट्या आहेत. तो मोजता किंवा पाहता येईल असा हवा. हाताशी असलेल्या वेळेत आणि खर्चात बसणारा हवा. आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याला आधीपासून ठाऊक नसावे.

गैरसमज ३: संशोधनाला प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे लागतात.

वस्तुस्थिती: वजनकाटा, मोजपट्टी, दोरी, घड्याळ आणि नोंदवही एवढ्या सामानावर बरेच प्रश्न सुटतात. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पुढच्या महिन्यांत त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला मोड येतात. ही घट कोणत्या चाळीत कमी होते, हा शेतकऱ्याच्या पैशाशी जोडलेला प्रश्न आहे, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत त्याचा अभ्यास करता येतो.

एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा दोन प्रकारच्या चाळींत क्रेटमध्ये भरून ठेवायचा आणि दर आठवड्याला तेच क्रेट तोलायचे. दोन्हीकडे एकेकच क्रेट ठेवले, तर दिसलेला फरक चाळीचा की त्या क्रेटमधल्या एखाद्या सडक्या कांद्याचा, हे कळणार नाही. म्हणून दोन्हीकडे किमान पाच-पाच क्रेट हवेत. तुलना करताना ज्या गोष्टीचा अभ्यास आहे तेवढीच वेगळी आणि बाकी सगळे शक्य तितके सारखे ठेवायचे, हे प्रयोगाचे मूळ सूत्र या क्रेटांतून मुलांना कायमचे कळते.

तज्ज्ञही फार दूर नाहीत. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जाण्यापूर्वी मुलांनी आपले प्रश्न लिहून न्यावेत.

गैरसमज ४: जे सगळ्या गावाला माहीत आहे, ते पुन्हा कशाला तपासायचे?

वस्तुस्थिती: सगळ्यांना पटलेली गोष्टही पुराव्यावर टिकेलच असे नाही, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले की हल्ले कमी होतील, हे कोणालाही पटण्यासारखे होते. जुन्नर भागात २००१ पासून तसे मोठ्या प्रमाणावर केले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला सुमारे ४ होती, ती मोहिमेनंतर सुमारे १७ वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तिथेच थांबत नाही आणि त्याचे वागणेही बिघडू शकते, असा अर्थ त्यातून पुढे आला.

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्या शेळ्यांवरच जगतो, या समजाला या आकड्याने छेद दिला. दोन्ही अभ्यासांना आधार होता तो काटेकोर नोंदींचा.

गैरसमज ५: एकदा मोजले की झाले.

वस्तुस्थिती: एक मोजमाप म्हणजे एका क्षणाची एका जागची स्थिती. विहिरींच्या पातळीचा अभ्यास करताना हे लगेच ध्यानात येते. कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करायची आणि नेहमी त्याच खुणेपासून मोजायचे. दोरीला वजन बांधून ते पाण्याला टेकेपर्यंत सोडायचे, दोरी खुणेपाशी चिमटीत धरायची आणि वर काढून टेपने मोजायची. मोटर चालू असेल तर पातळी तात्पुरती खाली गेलेली असते. म्हणून मोटर बंद होऊन किती तास झाले, पाटाला आवर्तन सुरू होते का, आठवड्यात पाऊस किती झाला, हे आकड्याशेजारीच लिहायचे.

हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी मुख्यतः झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींची पातळीही वेगळी निघू शकते. एका विहिरीवरून गावाबद्दल बोलता येत नाही. पाटाजवळच्या आणि पाटापासून लांबच्या अशा दोन्ही प्रकारच्या विहिरी निवडल्या, तरच तुलनेला अर्थ येतो.

गैरसमज ६: अंदाज चुकला म्हणजे प्रकल्प फसला.

वस्तुस्थिती: सुरुवातीला बांधलेला अंदाज तपासण्यासाठीच असतो. बंद गोठ्यांतूनही जनावरे गेल्याचे आढळले, तर तेच निष्कर्ष म्हणून लिहायचे आणि दार रात्री खरोखर लावले जात होते का, असा पुढचा प्रश्न काढायचा. आकडे ‘जुळवून’ आणणे ही मात्र खरी फसवणूक. गुणांसाठी तसे करण्याचा मोह पडतो, म्हणून न जुळणाऱ्या निकालालाही पूर्ण गुण मिळतील, हे शिक्षकाने पहिल्या दिवशीच सांगावे.

मोठ्या संशोधनातही उत्तरे बदलतात. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि तिथे अश्मयुगीन दगडी हत्यारेही सापडली आहेत. या राखेचे वय आधी सुमारे १४ लाख वर्षे काढले गेले, पुढे एका मापनात ते पावणेसात लाखांच्या आसपास आले, तर इतर अभ्यासकांनी ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मांडले. पद्धत कोणती, नमुना कुठला, हे प्रत्येकाने लिहून ठेवले म्हणूनच हा वाद पुराव्यावर लढता आला.

गैरसमज ७: चांगला मार्गदर्शक सगळे बसवून देतो.

वस्तुस्थिती: शिक्षकाने प्रश्न दिला, तक्ता आखला आणि निष्कर्षही सांगितला, तर प्रकल्प शिक्षकाचा झाला. मार्गदर्शकाचे मुख्य हत्यार म्हणजे विचारणे: हे कशावरून म्हणतोस? किती वेळा पाहिलेस? याला दुसरे काही कारण असू शकेल का? आठवड्यातून एकदा नोंदवही समोर ठेवून केलेली पंधरा मिनिटांची चर्चा शेवटच्या लांबलचक तपासणीपेक्षा उपयोगी पडते. नोंदी जागेवरच, तारीख-वेळेसह, पेनाने कराव्यात. चूक झाली तर खोडरबर न वापरता एक रेघ मारून दुरुस्त आकडा शेजारी लिहावा. दुसरीकडून उतरवलेला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूर ओळखण्याचा खात्रीचा मार्गही हीच वही आहे, कारण ज्याने मोजले त्याला आपल्या आकड्यांची गोष्ट सांगता येते.

दोन बाबतींत मात्र शिक्षकाने पुढाकार घ्यायलाच हवा. पहिली सुरक्षितता. बिबट्याच्या भागात पाहणी दिवसाउजेडी, दोघांनी मिळून आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने करावी. उसात शिरू नये, आणि बछडे दिसले तर हात न लावता वनखात्याला कळवावे. विहिरीवर एकट्याने जाऊ नये. दुसरी बाब संमतीची. ज्यांच्या घरी माहिती विचारायची, त्यांना हेतू आधी सांगावा. गोठ्यांची पाहणी म्हणजे नुकसानभरपाईचा पंचनामा, असा समज होऊ शकतो. तो दूर केला नाही तर उत्तरेही बदलतात आणि लोकांची निराशाही होते. अहवालात नावांऐवजी ‘घर क्र. १, घर क्र. २’ असे लिहावे. ज्या घरातले माणूस हल्ल्यात गेले आहे, त्या घरी प्रश्नावली घेऊन जाऊ नये.

गैरसमज ८: अहवाल शेवटच्या आठवड्यात लिहायचा असतो आणि तो सजवायचा असतो.

वस्तुस्थिती: प्रश्न, पूर्वीची माहिती आणि पद्धत हे भाग काम सुरू होतानाच लिहून होतात. नंतर निरीक्षणे, त्यांचे तक्ते व आलेख, निष्कर्ष आणि मर्यादा एवढेच उरते. निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहिण्याची सवय लावावी. ‘वीसपैकी सात गोठ्यांना वरून जाळी नव्हती’ हे निरीक्षण, ‘म्हणून जनावरे गेली असावीत’ हे अनुमान. मर्यादांचा परिच्छेद हा कमीपणा समजू नये. किती घरे पाहिली, कोणते महिने सुटले, काय मोजता आले नाही, हे सांगितल्याने वाचणाऱ्याला निष्कर्षावर किती विसंबायचे ते ठरवता येते.

भाषा मराठीच असली तरी चालते. बाल विज्ञान परिषदेतही मुले आपल्या भाषेत मांडणी करू शकतात. परीक्षकासमोरच्या सादरीकरणाइतकेच महत्त्व ज्यांनी माहिती दिली त्यांच्यासमोर निष्कर्ष ठेवण्याला आहे. ग्रामसभेत किंवा वस्तीवर तक्ता वाचून दाखवला की लोक चुका दाखवतात, सुटलेली घरे सांगतात. त्या दुरुस्त्या तारखेसह अहवालाला जोडाव्यात आणि नोंदवह्या शाळेच्या ग्रंथालयात जपाव्यात. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच खुणेपासून त्याच विहिरी मोजल्या, तर काही वर्षांत गावाकडे स्वतःच्या पाण्याची स्वतः केलेली नोंद तयार होईल.