उदरसौष्ठवाचे शल्यकर्म : रुग्णास सल्ला देण्यापूर्वी

सैल पडलेल्या पोटावर करावयाच्या ज्या शस्त्रक्रियेस रुग्ण ‘टमी टक’ म्हणतात व शल्यशास्त्र ‘ॲब्डोमिनोप्लास्टी’ म्हणते, तिच्याविषयी आता वैद्यांनाही विचारणा होऊ लागली आहे. असा रुग्ण पुष्कळदा आधीपासून आपल्याकडील मेदोहर औषधे घेत असतो. मात्र ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे शल्यतज्ज्ञाने विचारले, की अनेक महिने गुग्गुळाच्या गोळ्या घेणारी स्त्रीही ‘काही नाही’ असे उत्तर देते. कारण आयुर्वेदिक गोळीस ती औषध समजत नाही. या उत्तरात मोठा धोका दडलेला आहे, आणि तो टाळणे वैद्य व औषधविक्रेते यांच्या हाती आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

रुग्णास संपूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका कटीपासून दुसऱ्या कटीपर्यंत आडवा छेद घेतला जातो. त्वचा व मेद यांचा थर बरगड्यांपर्यंत उचलून, मध्यरेषेपासून दूर सरलेले उभे स्नायू टाक्यांनी जवळ आणले जातात. अतिरिक्त त्वचा काढून नाभी नव्या छिद्रातून बाहेर घेतली जाते. या कर्मास साधारणतः दोन ते चार तास लागतात. व्रणाची खूण कायम राहते.

येथे निघतो तो केवळ त्वचेखालील मेद. चरकाचार्यांनी विमानस्थानात मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हणून वृक्क व वपावहन सांगितले आहेत. त्यांस हे कर्म स्पर्शही करीत नाही. म्हणून ही स्थौल्याची चिकित्सा नव्हे. आहार-विहार पूर्ववत राहिला तर पोट पुन्हा वाढते, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

कोणी थांबावे

वजन अद्याप कमी होत असेल तर ते काही महिने स्थिर होईपर्यंत थांबणे इष्ट. पुढे अपत्य हवे असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण गर्भारपणात स्नायू व त्वचा पुन्हा ताणली जातात. प्रसूतीनंतर लगेचही हा विचार करू नये. सूतिकेस उदरवेष्टन, योग्य आहार व क्रमाने व्यायाम यांसाठी अवधी द्यावा. स्नायूंतील अंतर पुष्कळदा बरेच कमी होते. अनियंत्रित मधुमेह, पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास आणि उजव्या बरगडीखाली जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असल्यास शल्यतज्ज्ञास ते आवर्जून कळवावे. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटून तिचा काही भाग मृत होऊ शकतो. ते किमान चार आठवडे आधी बंद करावे. तंबाखू व मिश्रीही सोडावी.

पूर्वकर्म

लसूण, आले व गुग्गुळ यांच्या औषधी मात्रेने रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. अश्वगंधेने भुलेच्या औषधांची गुंगी वाढू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मेथी, गुडमार यांनी रक्तशर्करा खाली येते. अशी वनौषधी किमान दोन आठवडे आधी थांबविण्याची प्रथा भूलशास्त्रात आहे. याउलट मधुमेह व रक्तदाबाची नित्याची औषधे रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात उदरादी विकारांतील शस्त्रकर्म रुग्ण उपाशी असताना करण्यास सांगितले आहे. आजही तोच नियम आहे. त्या सकाळी काढा, चूर्ण वा आसव घेणे चालणार नाही. भारतात २०२५ पासून प्रचारात आलेली वजन घटविणारी साप्ताहिक इंजेक्शने जठर रिकामे होण्यास विलंब लावतात, म्हणून त्यांचीही माहिती भूलतज्ज्ञास हवी.

पश्चात्कर्म

त्वचेखाली द्रव साचणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग व पोटावरील बधिरता हे उपद्रव संभवतात. सर्वांत भयंकर म्हणजे पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाणे. पोटरी सुजली, दुखू लागली, धाप लागली वा छातीत दुखले, तर तेल, लेप वा वटी देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. शल्यतज्ज्ञाच्या संमतीविना अभ्यंग, उद्वर्तन वा बस्ती योजू नये. बद्धकोष्ठ व कुंथणे टाळावे, मात्र तीव्र विरेचन देऊ नये. सुमारे सहा आठवडे जड वजन उचलणे व पोटावर ताण आणणारी आसने वर्ज्य. हळूहळू चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हितकर.

आपले कर्तव्य

रुग्ण शस्त्रक्रियेस जाणार असे कळताच वैद्याने चालू औषधांची नावे, घटकद्रव्ये, मात्रा व कालावधी स्वहस्ताक्षरात लिहून द्यावा. औषधविक्रेत्यांनी मेदोहर कल्प देताना ‘एखादी शस्त्रक्रिया ठरली आहे काय?’ एवढे विचारावे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही. आपली औषधे परिणामकारक आहेत असे आपण म्हणतो. तर शस्त्रकर्माच्या वेळीही त्यांचा परिणाम होणारच, हे मान्य करणे ओघानेच आले.