नळीच्या भिंतीवरचे बुडबुडे

काही वर्षांपूर्वी आमचे एक सहकारी रुग्णालयात होते. त्यांना शिरेतून इन्शुलिन द्यायचे होते. नळी जोडण्याआधी परिचारिकाबाईंनी तीतून सुमारे २० मिलिलिटर औषध बादलीत सोडून दिले. आम्ही लगेच हुज्जत घातली : गरिबाच्या पैशाचे औषध ओतून का देता? बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पहिलं औषध नळीच खाते."

हा टोमणा नव्हता, शास्त्र होते, हे आम्हांस पुढे वाचून कळले.

इन्शुलिन हे प्रथिन. प्रथिन म्हणजे घडी घातलेली लांब साखळी. तिचे पाणी टाळणारे भाग बहुधा घडीच्या आत असतात. प्लास्टिकही अळवाच्या पानासारखे पाण्याशी फटकून वागणारे. प्रथिन तेथे पोचले की घडी थोडी उकलते, आतले भाग प्लास्टिकला भिडतात आणि ते चिकटून बसते. यास अधिशोषण म्हणतात. शोषण हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला; पण येथे आत ओढून घेणे नाही, पृष्ठावर ठाण मांडणे आहे.

मात्र पाण्याखालचा असा पृष्ठभाग सगळाच उघडा असतो असे नाही. अळवाचे पान पाण्यात बुडवून पाहा. ते चांदीसारखे चकाकते. ती चकाकी पानाला धरून राहिलेल्या हवेची. गुळगुळीत पृष्ठभागांवरही अतिसूक्ष्म बुडबुडे असावेत, ही कल्पना पार्कर, क्लेसन व अटार्ड यांनी १९९४ साली मांडली. २००० साली चीन व जपानमधील संशोधकांनी बारीक सुईने पृष्ठभाग चाचपून त्यांची चित्रे मिळविली. त्यांची उंची साधारण १० ते १०० नॅनोमीटर; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. इतका लहान बुडबुडा क्षणार्धात विरघळावा, असे जुने गणित सांगे. तरी तो टिकतो, कारण त्याची कड पृष्ठभागाला जखडलेली असते. हवा कमी झाली की तो आक्रसत नाही, चपटा होतो. त्यामुळे आतला दाब उतरतो, आणि भोवतालच्या पाण्यात हवा भरपूर विरघळलेली असली की गळती थांबते. लोझे व झांग यांनी २०१५ साली हे गणिताने दाखविले.

आता प्रथिनापुढे दोन जागा : उघडा पृष्ठभाग आणि बुडबुड्याची पाठ. बुडबुडा जेवढी जागा अडवितो तेवढी प्रथिनाला मिळत नाही; पण त्याच्या पाठीवरही प्रथिनाचा पापुद्रा धरू शकतो. म्हणून किती चिकटले याचा हिशेब बुडबुडे धरूनच करावा लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्राफाइटवर विजेच्या साहाय्याने असे बुडबुडे काढले. आधी काढले तेव्हा गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन कमी चिकटले. नंतर काढले तेव्हा चिकटलेले सुटून आले.

नळीकडे पुन्हा वळू. पहिले २० मिलिलिटर भिंतीचे देणे भागवितात. ते न सोडते, तर बाटलीवरचा आकडा बरोबर दिसला असता आणि आमच्या सहकाऱ्याला सुरुवातीस औषध कमी पडले असते. कागदावर पुरा पगार आणि हातात कमी, हा प्रकार कामगाराला ठाऊक आहे. तो टाळणाऱ्या बाईंशीच आम्ही भांडलो होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही त्यांची क्षमा मागितली.