जोर्जो मोरांदी : बाटल्या, धूळ आणि एक दंतकथा

आज आपण जोर्जो मोरांदी या इटालियन चित्रकाराविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास ऐकू येते : हा माणूस संन्यासी होता, जगाशी त्याला देणंघेणं नव्हतं, आयुष्यभर बाटल्या रंगवत बसला. यात खरं किती, ते आपण तपासून बघू.

आधी चरित्र. मोरांदीचा जन्म १८९० सालचा, गाव बोलोन्या. १९०९ मध्ये वडील गेले. पुढे आई आणि तीन बहिणींसोबत तो व्हिया फोंदात्सा या रस्त्यावरच्या घरात राहिला. लग्न केलं नाही. झोपायची खोली हाच स्टुडिओ. १९१४ पासून त्याने प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवली. १९३० ते १९५६ बोलोन्याच्या कला अकादमीत तो एचिंग शिकवत होता. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा उमटवून कागदावर छाप घेणं. इटलीबाहेर तो पहिल्यांदा गेला १९५६ साली, स्वित्झर्लंडला. म्हणजे संन्यासी म्हणायला जागा आहे!

आता काम बघा. बाटल्या, डबे, फुलदाण्या. चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना तो आधीच रंग फासून घ्यायचा. धूळ बसली तर बसू द्यायचा. कुठली वस्तू कुठे ठेवली होती, त्याच्या खुणा टेबलावरच्या कागदावर करायचा. बाटली बोटभर सरकवली की दोन बाटल्यांमधली फट बदलते, आणि मग सगळं चित्रच बदलतं. त्याच्या चित्रात ती रिकामी फटसुद्धा एखाद्या वस्तूइतकी ठसठशीत दिसते. अशी शोधाशोध करत त्याने तेराशेहून अधिक तैलचित्रं केली. तेव्हा याला ‘तेच तेच’ म्हणणं बरोबर नाही.

पण जगाशी संबंध नव्हता, हे मात्र खरं नाही. तरुणपणी, १९१८च्या सुमारास, तो दे किरिको आणि कार्रा यांच्या ‘मेटाफिजिकल’ चित्रशैलीत काम करत होता. १९२८ साली बोलोन्याच्या फॅसिस्ट वृत्तपत्रात त्याने स्वतःविषयी लिहिलं, आणि त्यात फॅसिझमवरचा विश्वासही बोलून दाखवला. त्या राजवटीत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत त्याची चित्रं लागत होती. दुसरीकडे, १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या संबंधांमुळे त्याला अटक झाली. काही दिवसांनी सुटका झाली. मग तो ग्रित्साना या डोंगरातल्या गावी जाऊन राहिला.

युद्धानंतर १९४८ मध्ये व्हेनिस बिएनालेत आणि १९५७ मध्ये साओ पाउलोत त्याला मोठे पुरस्कार मिळाले. कशाचाच डाग न लागलेला कलावंत त्या इटलीला हवाच होता, आणि संन्यासी मोरांदी त्या गरजेत अगदी चपखल बसला. ही प्रतिमा त्यालाही अडचणीची नव्हती. पुढे त्याची विद्यार्थिनी आणि सहायक जॅनेट अब्रामोविच यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात या दंतकथेची नीट तपासणी केली.

मग चित्रांचं काय करायचं? आमचं म्हणणं असं, की १९२८ चा तो मजकूर आणि १९४३ ची ती अटक, दोन्ही लक्षात ठेवूनच चित्रांसमोर उभं राहावं. चित्रांची किंमत त्याने कमी होत नाही. उलट, ही शांतता एका गोंधळलेल्या काळात, रोज टेबलापाशी उभं राहून कमावलेली आहे, हे उमगतं. मोरांदी १९६४ मध्ये गेला. व्हिया फोंदात्सावरचं ते घर आता संग्रहालय आहे. त्याच्या बाटल्या तिथे बघायला मिळतात.