विश्लेषण : अर्जेंटिनात थापाड्याला ‘चांता’ का म्हणतात?

मेकॅनिक असो, फुटबॉल प्रशिक्षक असो वा मंत्री. अर्जेंटिनात माणसावरचा विश्वास उडाला की त्याला एका शब्दात निकालात काढले जाते : ‘चांता’. हा शब्द मुळात कर्जाशी जोडलेला आहे.

चांता म्हणजे नेमका कोण?

जे येत नाही ते येते म्हणून सांगणारा, ‘उद्या नक्की’ म्हणून न फिरकणारा, ऐनवेळी हात वर करणारा. आपल्याकडचा थापाड्या किंवा बोलबच्चन. तो सराईत भामटा असेलच असे नाही. त्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘एस्ताफादोर’ हा वेगळा शब्द आहे. मित्रामित्रांत चांता हसत-हसतही म्हटले जाते.

शब्द आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतून मोठ्या संख्येने स्थलांतरित ब्वेनोस आयरेसला आले. जेनोआचे अनेक लोक बंदरालगतच्या ला बोका वस्तीत राहिले. त्यांच्या बोलीत ‘चांतापुफी’ म्हणजे उधारी करून न फेडणारा. ब्वेनोस आयरेसच्या ‘लुनफार्दो’ या शहरी बोलीने तो उचलला. पुढे शब्द आखूड झाला आणि अर्थ रुंदावला. कर्जबुडव्याचा थापाड्या झाला. लुनफार्दोच्या अभ्यासासाठी १९६२ मध्ये तिथे अकादमीही स्थापन झाली.

प्रश्न फक्त उधारीचा आहे का?

नाही. दिलेला शब्द न पाळल्याची किंमत अर्जेंटिनाने देश म्हणूनही मोजली आहे. बँकांतील ठेवींना हात लावता येणार नाही, असा कायदा २००१ मध्ये झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने खात्यातून पैसे काढण्यावर कडक मर्यादा घातली. जानेवारी २००२ मध्ये नवे अध्यक्ष एदुआर्दो दुआल्दे यांनी डॉलर ठेवणाऱ्यांना डॉलरच परत मिळतील, असे आश्वासन दिले. काही आठवड्यांतच त्या ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलण्यात आल्या. वर्षाच्या मध्यापर्यंत बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला होता.

परिणाम काय?

मित्र चांता निघाला तर हातउसने पैसे बुडतात आणि पुढच्या वेळी त्याला टाळता येते. बँक आणि सरकारला टाळणे सोपे नसते. तरीही अनेक अर्जेंटिनी कुटुंबे आजही बचत डॉलरच्या नोटांत, बँकेबाहेर ठेवतात. तिकडे त्यांना ‘गादीतले डॉलर’ म्हणतात.