मऊ जांभ्याचा टणक कोट

वर्गात चीनच्या भिंतीचा धडा आला की मी मुलांना बीदरच्या किल्ल्यात नेतो. चिन्यांनी मैदानात माती धुमसून थर चढवले, डोंगरात दगड रचला. जागेवर मिळेल ते साहित्य वापरले. आपल्याकडेही तेच. अहमदशहा बहामनीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवून १४३२ च्या सुमारास कोट उभारला. इथला जांभा जमिनीत मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. तोच खोदून गावाकडे तिहेरी खंदक केला, मध्ये खडकाच्याच भिंती राखल्या. १६५७ मध्ये मात्र औरंगजेबाच्या वेढ्यात आतल्याच दारूसाठ्याने पेट घेतला आणि सत्तावीस दिवसांत किल्ला पडला.

परवा एका मुलीने विचारले, “सर, खंदक मराठी की कन्नड?” म्हटले, “घरी आजी काय म्हणते?” “कंदक.” शत्रूसाठी खणलेला खंदक शब्दांनी केव्हाच ओलांडला आहे.